पुस्तकांना ऊन दाखवण्याचे दिवस

कसरीला घाबरलेलं माणूस मी लहानपणी पाहिलं नाही. कसर लागली की राग यायचा, पण तो किड्यावर नसे, घरातल्यांचा एकमेकांवर असे. पोथी कोणी दमट फडक्यात बांधली, ट्रंकेच्या तळाचं वर्तमानपत्र कोणी बदललं नाही, दिवाळी अंकांचा गठ्ठा भिंतीला चिकटवून कोणी ठेवला, याची रीतसर चौकशी व्हायची आणि बहुधा ती धाकट्या सुनेपाशी येऊन थांबायची. किडा त्या चौकशीतून सुटायचा. तो येणारच, हे धरलेलंच असे.

आता सगळं उलटं झालंय. मागच्या पावसाळ्यात आमच्या ठाण्याच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका मुलीने वॉश बेसिनमधल्या कसरीचा फोटो टाकला. खाली प्रश्न: हे काय आहे, विषारी आहे का, घरात लहान बाळ आहे. पाठोपाठ पेस्ट कंट्रोलवाल्यांचे नंबर आले, व्हिनेगरचा एक उपाय आला, आणि "ड्रेनेजमधून वर येतात" असं एक ठाम निदानही आलं. एका काकांनी लिहिलं, "कसर आहे ती. पुस्तकं तपासा." त्यांच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही. कारण अगदी साधं असावं. तपासायला त्या घरात पुस्तकंच नव्हती.

खरं तर कसर चावत नाही, डसत नाही, कुठला रोग पसरवत नाही. बेसिनमध्ये ती नळीतूनही येत नाही. रात्री पाण्याच्या शोधात हिंडताना आत घसरते, गुळगुळीत चिनीमातीवर तिचे पाय ठरत नाहीत, आणि आपण सकाळी दात घासायला जातो तेव्हा ती तिथे अडकून पडलेली असते. सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरचं अंग, पुढे दोन लांब मिशा, मागे तीन शेपट्या, पंख नाहीत, अंगावर चंदेरी खवले. बोटाखाली आली तर बोटाला चमकदार राखाडी भुकटी लागते, ती त्या खवल्यांची. रॉबर्ट हूकने १६६५ साली 'मायक्रोग्राफिया'त सूक्ष्मदर्शकाखालची जी चित्रं छापली, त्यात कसरही आहे. तिचं घराणं डायनासोरांपेक्षाही जुनं. माणसाने कागद केला त्याला जेमतेम दोन हजार वर्षं झाली. त्याआधी ही मंडळी पालापाचोळा, झाडांच्या साली, बुरशी असलं काहीबाही खाऊन राहत होती. मग आपणच झाडाझुडपांचा लगदा करून, त्याला खळ लावून, गठ्ठे बांधून अंधाऱ्या कपाटात ठेवायला लागलो. कोण नाही म्हणेल?

आमचं मूळ घर रत्नागिरी जिल्ह्यातलं. तिथे पावसाळ्याच्या चार महिन्यांत ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. हवेत ७५ टक्क्यांच्या वर दमटपणा असला की कसर सुखात नांदते, आणि आषाढ-श्रावणात आमच्याकडे तो याहून कमी कधी होत असेल असं वाटत नाही. चिऱ्याच्या भिंती आतून घामेजायच्या, मीठ पाझरायचं, पापडाचा डबा उघडला की पापड वाकायचे. अशा घरात कागद मात्र भरपूर. देवघरातल्या पोथ्या, जमीनजुमल्याची खतं, जमाखर्चाच्या वह्या, जुनी पंचांगं, काकांचे 'किर्लोस्कर'चे अंक, आत्याच्या शाळेच्या वह्या. आलेली पत्रं एका वाकवलेल्या तारेत ओवून ओटीवर खुंटीला टांगलेली असत. या टांगलेल्या पत्रांना कसर लागल्याचं आठवत नाही. चारी बाजूंनी वारा आणि सतत हाताळणं. लपून बसायला तिला जागाच नसे. नुकसान व्हायचं ते जपून ठेवलेल्या वस्तूंचं. जितकं अधिक जपलेलं, तितकं अधिक खाल्लेलं.

आजोबा पान उजेडासमोर धरून दोषी कोण ते सांगत. कसर कागद वरवर खरवडते. शाईखालचा चकचकीत थर जातो, मग कागद मलमलीइतका विरळ होतो आणि शेवटी वेड्यावाकड्या कडांचं भगदाड पडतं. बारीक गोल भोक पहिल्या पानातून शिरून शेवटच्या पानातून बाहेर पडलं असेल तर ते कसरीचं काम नाही, एका भुंग्याच्या अळीचं आहे. आणि मातीची नळी दिसली तर वाळवी. मग पुस्तक सोडा, तुळई तपासा. हे ज्ञान घरात कोणी शिकवत नसे. ते वर्षातून एकदा सगळी पुस्तकं हातात घेऊन आपोआप यायचं. आज माझ्या ओळखीतली चांगली वाचणारी माणसंसुद्धा तिन्ही गोष्टींना एकच 'कीड' म्हणतात आणि तिन्हींवर एकच फवारा मारतात.

आजोबांच्या पोथ्यांत दोन हस्तलिखितं होती, दौलताबादी कागदावरची. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यातला हा हातकागद. लिहिण्यापूर्वी असल्या कागदाला खळ देऊन दगडाने घोटत, म्हणजे शाई फुटत नाही. ती खळ म्हणजे कसरीला पंगत. म्हणून काही ठिकाणी कागदाला हरताळाचा पिवळा हात देत. हरताळ हे सोमलाच्या जातीचं विष, त्यामुळे त्या पिवळट पानांच्या वाटेला कीड सहसा जात नसे. आमच्या पोथीतली पानं तशी पिवळी होती की नुसती जुनी, देव जाणे. पण आजीचा नियम कडक होता. "हात धुतलेस का गं? पुसलेस का? आणि थुंकी लावून पान उलटायचं नाही हं." तिच्या लेखी कारण उष्ट्याचं. हरताळाची पोथी असेल तर त्याच नियमाने वाचणाऱ्याचाही जीव राखला जाई, हे मला फार पुढे कळलं. जुने लेखनिक पोथीच्या शेवटी पुस्तकाच्याच तोंडी एक विनवणी घालत: तेलापासून जप, पाण्यापासून जप, सैल बांधणीपासून जप, आणि मूर्खाच्या हाती देऊ नकोस. यात किड्याचं नावच नाही. पण पाणी आणि सैल बांधणी या दोन गोष्टी टाळल्या, पानं दोन फळ्यांमध्ये करकचून बांधली, की किड्याला फटही उरत नाही आणि ओलही मिळत नाही.

पाऊस ओसरला की आश्विनात घर काढायचं. त्या दिवसांत आमच्या अंगणाला ग्रंथालयाची कळा यायची. तुळशीपासून गोठ्यापर्यंत चटया, त्यांवर जुनी लुगडी अंथरलेली, आणि त्यांवर घरातला कागद. पुस्तकं आडवी ठेवायची नाहीत. पुठ्ठे फाकवून उभी करायची, म्हणजे पानांतून वारा खेळतो. आम्हा मुलींकडे झटकण्याचं काम. पुस्तक कण्याकडून धरायचं, पानं खाली मोकळी सोडायची आणि दोन हिसके. आतून काय काय पडे! पिंपळाचं जाळीदार पान, मोरपीस, रेशनचं कूपन, वाळलेला सोनचाफा, आणि मग दोन-तीन कसरी. त्या पडल्या की क्षणभर गोंधळून थांबत आणि मग नागमोडी सुटत. चटईच्या कडेला साळुंक्या आधीच हजर असायच्या. त्यांना या दिवसाचा सुगावा कसा लागे कोण जाणे. आजी पाटावर बसून पुस्तकाच्या कण्यावरून कोरड्या फडक्याने हात फिरवायची, कारण कसर अंडी घालते ती शिवणीच्या फटीत. अक्षरओळख तिला जेमतेम होती, पण कुठल्या पुस्तकाचा कणा कुठे उसवलाय हे तिला पाठ होतं.

दुपार कलली की सगळं आत. तेही लगेच कपाटात नाही. पुस्तकं निवेपर्यंत ओटीवर थांबायची. तापलेलं पुस्तक बंद पेटीत घातलं तर आत घाम सुटतो, असं आजी म्हणे, आणि त्यात तथ्य आहे. ग्रंथसंवर्धन करणारी मंडळी आता उन्हाविरुद्ध बोलतात. कडक उन्हात छापील कागद पिवळा पडतो, ठिसूळ होतो, रंग उडतो. सावलीत वारं द्या, असं ते सांगतात. त्यांचं बरोबर आहे. आमचे 'किर्लोस्कर'चे अंक कसरीने जेवढे खाल्ले त्याहून जास्त आम्ही भाजले असतील. पोथ्यांचं काही बिघडलं नाही, काजळीची शाई उन्हाला दाद देत नाही.

औषधं म्हणजे वेखंडाचे तुकडे, कडुनिंबाचा वाळलेला पाला, कापूर आणि डांबरगोळ्या. यांची थोरवी मी उगाच गाणार नाही. वेखंडात किड्यांना नकोसं होणारं द्रव्य असतं हे खरं, पण तुकडा जुना झाला की त्याचं लाकूड होतं. कडुनिंबाचा पाला वाळून चुरा झाल्यावर निव्वळ केर. कापूर उडून जातो. गुण होता तो दरवर्षी हे सगळं बदलण्यात, कारण बदलायचं म्हणजे पेटी उघडायची, तळ झाडायचा, घड्या मोडायच्या. आईच्या शालूला आजोबांच्या जुन्या धोतराचं मऊ फडकं गुंडाळलेलं असे. दर वर्षी तो उलगडून वेगळ्या जागी घडी पडेल असा पुन्हा घालायचा, नाहीतर घडीवर रेशीम तुटतं. डांबरगोळी थेट जरीला लागू द्यायची नाही, जर काळवंडते म्हणून पुरचुंडी करायची. खळ दिलेलं सुती कापड पावसाळ्यात ट्रंकेत ठेवायचंच नाही. खळ काढून, धुऊन, कडकडीत वाळवून मग ठेवायचं. कसरीला कापसापेक्षा त्यातल्या पिठाची ओढ, हे यामागचं शास्त्र.

डांबरगोळ्यांचा वास आला की आजही माझ्यासमोर लग्नसराई उभी राहते. मांडवात एकदम पंचवीस शालू ट्रंकेबाहेर आले की अत्तर, मोगरा आणि डांबरगोळ्या यांचा जो एक मिश्र दर्वळ सुटायचा, तो आता कुठल्याही कार्यालयात मिळत नाही. आणि न मिळो. तान्ह्या बाळाला डांबरगोळ्यांत ठेवलेल्या दुपट्यात गुंडाळणं धोक्याचं असतं. काही मुलांच्या रक्तात जन्मतः एका विकराची उणीव असते, त्यांच्या तांबड्या पेशी या वाफेने फुटतात आणि कावीळ होते. त्या काळी बाळंतिणीच्या खोलीत तीच ट्रंक असायची.

मोरचुदाचं मात्र कौतुक वाटतं. तालुक्याच्या गावातला बुकबाइंडर मैद्याची खळ शिजवताना तिच्यात चिमूटभर मोरचूद टाकायचा. खळ किंचित निळसर व्हायची. त्याने बांधलेली पुस्तकं आमच्याकडे अजून आहेत, कणे शाबूत. आम्ही मुलं जूनमध्ये पुस्तकांना खाकी कव्हरं घालायचो ती मात्र स्वयंपाकघरातल्या खळीने, कधी तर उरलेल्या भाताच्या शितांनी. गणपती येईस्तोवर कव्हरांच्या आतल्या दुमडी खरवडलेल्या असायच्या.

त्याहून वाईट गत भिंतीवरच्या फोटोंची. फोटोच्या कागदावर जिलेटिनचा थर असतो, चौकटीमागे खळीने चिकटवलेला कागद असतो, आणि चौकट ओलसर भिंतीला टेकलेली असते. पणजोबांच्या फोटोत पगडी, उपरणं, काठी, सगळं नीट आहे, फक्त उजवा गाल आणि कान गेलाय. तिथे पांढरा कागद दिसतो. पुढे कोणीतरी पेन्सिलीने कान काढून दिला, तो डाव्या कानापेक्षा मोठा झाला. आमच्या पुढच्या पिढीला पणजोबा तसेच माहीत आहेत.

मग पावडरींचा काळ आला. १९५३ साली मलेरिया नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि गावोगावी डीडीटीचे फवारे फिरायला लागले. आमच्या लहानपणीही ते येत. पाठीला पंप लावलेला माणूस भिंतींवर पांढरट फवारा मारत जायचा, तारीख भिंतीवर लिहायचा, आणि देवघर तेवढं सोडा म्हणून बायका दारात उभ्या राहायच्या. मोहीम डासांवरची, पण भिंतीच्या फटीत राहणाऱ्या साऱ्यांनाच ती भोवे. पाठोपाठ दुकानात गॅमेक्झीन मिळायला लागलं. काका ती पावडर उघड्या हाताने फडताळाच्या तळाला पसरत, वर वर्तमानपत्र, वर पुस्तकं, आणि त्याच हाताने विडी पेटवत. मुंग्यांसाठी साखरेच्या डब्याभोवती तिचीच रेघ. गॅमेक्झीनमधल्या बीएचसीवर १९९७ साली बंदी आली. जुन्या दिवसांबद्दल फार गोडगोड बोलायला लागले की मला ती रेघ आठवते.

आणि कागदाचा पहिला शत्रू कसर नव्हतीच. जीर्ण पोथ्या नदीत सोडायची रीत होती. वाण्याकडे दप्तराच्या कागदांत पुड्या बांधल्या जात. इतिहाससंशोधक राजवाड्यांनी गावोगाव हिंडून वाड्यांतली, माळ्यांवरची दप्तरं गोळा केली आणि १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला, तेव्हा त्यांच्या आधी कसर, उंदीर, वाळवी आणि वारसदार हे चौघे तिथे पोचलेले होते. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ निघालं, १९१७ साली भांडारकर संस्था निघाली. भांडारकरमध्ये आज अठ्ठावीस हजारांहून अधिक हस्तलिखितं आहेत. तिथे लाल कापडातली पोथी पाहिली की कळतं, घराघरांत आजी-आजोबा करत होते तेच इथे पगारी माणसं नेमून करावं लागतं. आमची दोन हस्तलिखितंही पुढे एका संस्थेला दिली. घरात ती राहावीत म्हणून आत्या भांडली होती. पण आश्विनात त्यांना अंगणात नेणार कोण, या प्रश्नाला तिच्याकडेही उत्तर नव्हतं.

कारण आश्विनात आता त्या घरात कोणीच नसतं. आम्ही चाकरमानी गणपतीला जातो, तेव्हा धो धो पाऊस. मग जातो ते मे महिन्यात, आंब्याला, तेव्हा घरात माणसं एवढी की फडताळ उघडायला जागा नसते. पावसानंतरचे कोरड्या उन्हाचे नेमके तीन-चार आठवडे घराला कुलूप असतं. कसर अन्नाशिवाय महिनोन् महिने काढू शकते, तीन-चार वर्षं सहज जगते, आणि मोठी झाल्यावरही आयुष्यभर कात टाकत राहते. बंद घर तिला मानवतं. किल्ली असलेला गडी माणूस नारळ उतरवतो, पंप चालू करतो, कौलं बघतो. कपाटाला हात लावायला त्याला संकोच वाटतो. मालकांचं कपाट ना!

ठाण्याच्या फ्लॅटमध्ये तर कागद असा राहिलेलाच नाही. बिलं फोनमध्ये, पंचांग फोनमध्ये, लग्नपत्रिकासुद्धा आता व्हिडिओ असतो. तरी कसर आहे, आणि माझ्या मते पूर्वीपेक्षा ऐटीत आहे. प्रत्येक बेडरूमला लागून बाथरूम, त्या बाथरूमच्या भिंतीला पाठ लावून प्लायवूडचं वॉर्डरोब, वर फॉल्स सीलिंग, एसीसाठी खिडक्या कायम बंद. जिप्सम बोर्डाच्या दोन्ही अंगांना कागद असतो. वॉलपेपरमागे पेस्ट असते. आणि सर्वांत मोठी मेजवानी म्हणजे खोके. ऑनलाइन मागवलेल्या वस्तूंचे नालीदार पुठ्ठ्याचे खोके ज्या गोंदाने चिकटवतात तो बहुतेक स्टार्चचाच असतो. पुठ्ठ्याच्या नाल्या म्हणजे तिच्या मापाच्या आयत्या खोल्या, आणि भिंती खायच्या. गोदामातली कसर अशी घरपोच येते. आपण खोका फेकत नाही. वॉरंटी संपेपर्यंत राहू दे, घर बदलताना लागेल, म्हणून टीव्हीचा, मिक्सरचा, पंख्याचा खोका लॉफ्टवर जातो. आजीच्या माळ्यावर पोथ्या होत्या, आमच्या माळ्यावर रिकामे खोके आहेत, आणि जपणूक दोघींची सारखीच.

त्या ग्रुपवरच्या एका नंबरावरून आमच्या मजल्यावरही पेस्ट कंट्रोलवाला येऊन गेला. चुणचुणीत मुलगा. "काकू, बिनवासाचं आहे, अर्ध्या तासात घरात वावरा. ड्रेनेजला मारतो, सिंकखाली मारतो, दाराच्या मागे मारतो." मी म्हटलं, वॉर्डरोब उघडून देऊ का? "नको, कपड्यांवर पडेल, मग कंप्लेंट येते. तुम्ही बंदच ठेवा." त्याच्या दृष्टीने ते रास्तच. त्याला कंत्राट किडा मारायचं मिळालं होतं, आणि दिसणारे किडे त्याने चोख मारले. आजीला किड्याशी कर्तव्य नव्हतं, तिला शालू हवा होता. म्हणून ती वॉर्डरोबपासून सुरुवात करायची आणि मोरीपर्यंत क्वचितच पोचायची.

आता मी दोन्हीकडचं थोडं थोडं करते. खोके दाराशीच फोडून भंगारात देते. बाथरूमच्या भिंतीतली गळती काढून घेतली, त्याने फवाऱ्याहून जास्त फरक पडला. वॉर्डरोब भिंतीपासून चार बोटं पुढे ओढला. चपलांच्या खोक्यांतल्या सिलिका जेलच्या पुड्या तव्यावर मंद आचेवर वाळवून पुन्हा वापरते. आणि एक काचेची बरणी ठेवते. बाहेरून कागदी चिकटपट्टी गुंडाळलेली, म्हणजे चढता येईल. आत चिमूटभर कणीक. आत पडलेली कसर गुळगुळीत काचेवरून वर येऊ शकत नाही. बेसिनमध्ये अडकते त्याच कारणाने. मुंबई-ठाण्याच्या जुलैत घर कसरमुक्त करण्याच्या गप्पा कोणी मारू नयेत. ती किती आहे एवढं कळलं तरी पुष्कळ.

पुस्तकांसाठी नवा उपाय आहे फ्रीजरचा. पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करून उणे २० अंशांत आठवडाभर ठेवायचं, मग बाहेर काढल्यावर पिशवी न उघडता खोलीच्या तापमानाला येऊ द्यायचं, नाहीतर पानांवर दव धरतं. अंडीही मरतात. मोठमोठी ग्रंथालयं हेच करतात. हे मी आत्याला फोनवर सांगितलं. ती आता ऐंशीच्या पुढे आहे, आणि गुरुचरित्राची घरातली छापील पोथी माझ्याकडे आहे हे ती विसरलेली नाही. थोडा वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "तुझ्या जावयाचे मासे कुठे ठेवतेस गं तू?"

फ्रीजरमध्येच ठेवते. तेव्हा पोथी बाल्कनीत गेली, दुपारच्या सावलीत, पुठ्ठे फाकवून, दोन दिवस. आणि फ्रीजरमध्ये गेली 'रुचिरा'. कमलाबाई ओगल्यांचं हे पुस्तक १९७० साली निघालं, आईची प्रत त्यानंतरच्या चार-पाच वर्षांतली. तेलाचे डाग, हळदीची बोटं आणि पानापानांत सांडलेलं पीठ, त्यामुळे कसरीने त्यातली गोडाच्या पदार्थांची पानं निवडून खाल्ली आहेत. आठवडाभर ती सुरमईशेजारी राहिली. पिशवी डबल लावली होती, वास बिलकुल लागला नाही. पुरणपोळीचं प्रमाण मात्र कसरीने आधीच नेलं होतं, ते आत्याला पुन्हा फोन करून विचारून घेतलं आणि समासात लिहून ठेवलं.